पॉलिश केलेला पुदिना

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर कोणी नाही. मागे सिमेंटची पाण्याची टाकी, तिच्यावर कावळ्यांनी केलेली पांढरी नक्षी. डावीकडे जिन्याचं गंजलेलं दार. उजवीकडे रंगाचे रिकामे डबे, तडा गेलेला एक टब, दोन फुटकी सिंकं आणि एक जुनं कमोड. या सगळ्यांतून वांगी, मिरच्या, टोमॅटो, शेपू वर आलेले. कमोडात पालक. मधोमध एक निळं पिंप. वेळ सकाळची. रंगभूमीची एक मोठी सोय असते, की प्रेक्षकाला वास येत नाही. या गच्चीवर मात्र तो तिसऱ्या मजल्यापासूनच स्वागताला यायचा.

मामा टाकीमागून यायचे. बुटके, रुंद, अंगात बाह्या कापलेला बनियन. पिंपाचं झाकण काढायचे आणि उजवा हात थेट कोपरापर्यंत आत.

"या राजे. बघा, काय सुरेख शिजलंय."

मी उभं आयुष्य राजाच्या भूमिका केल्या म्हणून मी 'राजे'. राजे पिंपात डोकावले. सडलेल्या कोबीची पानं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, आणि त्यातून वळवळणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या पांढऱ्या अळ्या. आतून गरम वाफ आली. सकाळचा चहा माझ्या घशापर्यंत आला आणि मी तो कसाबसा परत पाठवला.

"कामगार आहेत आपले," मामा म्हणाले. "पगार मागत नाहीत, संपावर जात नाहीत."

मामांनी पस्तीस वर्षं प्लंबिंग केलं. प्लंबिंग म्हणजे चकचकीत नळ बसवणं नव्हे, ते करायला दुसरे असत. मामांना बोलावणं यायचं ते तुंबल्यावर. लांब सळई, दोन लोखंडी पाने, एक बादली. इमारतीत तोंडावर 'मामा' म्हणत, पाठीमागे 'गटारमामा'. मोरी उपसून झाली की लोक त्यांना चहा जिन्यात देत, कागदी पेल्यात, आणि पेला घेऊन जायला सांगत. मोरी त्यांची, त्यातले केस त्यांचे, आणि किळस मात्र मामांची! मला त्या कागदी पेल्याची अजून शिसारी येते. मामांना नाही यायची. ते म्हणत, "ताटात काय वाढतात ते पाहुणे बघतात, राजे. पाइपात काय जातं ते मी. मला सगळ्यांचं सगळं ठाऊक आहे, म्हणून बिचारे जरा लांब उभे राहतात."

गळती कुठे आहे हे ते नाकाने शोधत. भिंतीला नाक लावून हळूहळू सरकत आणि एका जागी बोट ठेवत. तिथेच फोडायचं. कधी चुकले नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांनी गच्ची धरली, कारण मामींचे डोळे गेले. तीन वर्षांत हळूहळू, सभागृहातले दिवे उतरवावेत तसे. मामी आधी पाकिटं भरायच्या कारखान्यात होत्या. बोटं तयार, जीभ त्याहून तयार. डोळे गेल्यावर पहिलं वर्ष त्या पलंगावरून उठल्या नाहीत. मग मामांनी एक दिवस पुदिन्याचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला. मामींनी पान चुरगळलं, नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "ही धाकटी जाऊबाई. जिथे बूड टेकेल तिथे पसरते."

तिथून सुरू झालं. मामा एकेक झाड आणत गेले आणि मामी एकेक नातं लावत गेल्या. मिरची म्हणजे सासूबाई. गवती चहा म्हणजे थोरले दीर, उंच, आणि हात लावला की कापणारे. शेपू म्हणजे नणंद, चार घरं आधीच कळतं आली म्हणून. कोथिंबीर ही लेक, दोन दिवस असते आणि जाते. रोज सकाळी सात वाजता मामांच्या खांद्यावर हात ठेवून मामी वर यायच्या, पुढे मात्र एकट्या. पान चुरगळायचं, हुंगायचं, नावाने हाक मारायची, दोन टोमणे मारायचे, पुढच्या डब्याकडे जायचं. "काय हो थोरले, आज सुकलात? ह्यांनी पाणी नाही पाजलं?" अख्खी गच्ची त्या कुठेही न धडकता फिरायच्या. खाली स्वतःच्या दोन खोल्यांत त्या दाराला धडकत, पण इथे नाही.

अठरा घरांचा ओला कचरा मामा स्वतः गोळा करत. त्यात लोक काय टाकत ते सांगायला नको, तरी सांगतो. वापरलेलं ब्लेड, बाळाचा लंगोट, केसांचं गुंतवळ. मामा हाताने निवडत. एकदा माझ्या दारात उभे राहिले आणि तळहात पुढे केला. त्यावर माझ्या जखमेवरची चिकटपट्टी.

"राजे, हे शिजत नाही."

लाजेने मी पाणी पाणी झालो. आणि लोकांचं विचाराल, तर सगळे नाक मुरडत वर येत आणि पिशवी भरून खाली जात. इमारतीच्या चेअरमनांच्या पत्नी नाकाला रुमाल लावून म्हणत, "पालक फार कोवळा असतो हं तुमचा." तो कशात उगवतो ते मी त्यांना सांगणार होतो. मामांनी डोळ्यांनी दटावलं. कमोड दहादा उकळत्या पाण्याने धुतलेलं होतं, पण बाईंनी ते ऐकून घेतलं नसतं.

मग चेअरमनांना गच्ची हवीशी झाली. पत्र्याची शेड, रंगीत दिवे, वाढदिवसांसाठी हॉल. सभेत ते उभे राहिले. नाकाने कांदे सोलावेत तर या गृहस्थांनीच. "मला व्यक्तिशः बागेबद्दल आदर आहे. पण वास! लहान मुलं आहेत इमारतीत!" मी विरोध केला, आणखी दोघांनी केला. शेवटी असं ठरलं, की शहरात गच्चीवरच्या बागांची स्पर्धा आहे, तिच्यात नाव द्यायचं. बक्षीस आलं तर बाग राहील, नाही तर एक तारखेला डबे खाली.

मामा एवढंच म्हणाले, "ठीक आहे. बघू देत येऊन."

 दुसऱ्या दिवशी मामी प्रत्येक झाडापाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या.

आता माझं पाप. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मामा मामींना घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. चेअरमन माझ्या दारात. त्यांनाही एकाएकी बक्षीस हवं झालं होतं, कारण विजेत्या इमारतीच्या चेअरमनांचा फोटो छापून येणार होता.

"तुम्ही नाटकवाले. जरा सेट लावून द्या. आपल्या मामांसाठीच."

आपल्या मामांसाठी! आणि मी विरघळलो. आमच्या कंपनीत मेजवानीच्या प्रवेशाला मेणाची फळं असत. त्यांच्यावर लाकडाच्या पॉलिशचा फवारा मारला की दहाव्या रांगेतून तोंडाला पाणी सुटे. एकदा सेनापतीचं काम करणाऱ्या भुकेल्या गड्याने खऱ्या सफरचंदाच्या आशेने त्यातलं एक कचकन चावलं, आणि उरलेला प्रवेश मेण चघळत, डोळ्यांत पाणी आणून केला. लोक म्हणाले, काय भावना ओतली! आम्ही महिनाभर हसत होतो.

मी पॉलिशचे दोन डबे आणले. पुदिना, शेपू, गवती चहा, मिरची, एकही पान सोडलं नाही. चमकू लागलं सगळं. चेअरमनांनी बाजारातून टोमॅटो आणले होते. ते हिरव्या दोऱ्याने मी झाडांना बांधले. दोन त्यांनी स्वतःच्या हाताने बांधले, वांग्याच्या झाडाला. पिंप टाकीमागे ढकलून त्यावर ताडपत्री टाकली. कमोड फुलांच्या कागदात गुंडाळलं. मी जिन्यापाशी जाऊन एक डोळा मिटून पाहिलं. देखावा झकास होता. पानांना वास असतो हे माझ्या नटाच्या टाळक्यात एकदाही आलं नाही.

मामा संध्याकाळी परतले तेव्हा चेअरमनांनी त्यांना खालीच गाठलं. "उद्या दहाला, परीक्षक आल्यावरच वर या. आम्ही झाडून घेतलंय. किल्ली माझ्याकडे."

"मामींची सातची फेरी..."

"एक दिवस राहू द्या हो!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवून ते मामींना घेऊन घरात गेले.

दहा वाजता परीक्षकबाई आल्या. सुगंधाचा एक ढग पुढे, त्यामागे बाई, त्यामागे फोटो काढणारा. "वा! किती फ्रेश!" असं त्या प्रत्येक डब्यापाशी म्हणाल्या. वांग्याच्या झाडाला लागलेल्या टोमॅटोंपाशीही म्हणाल्या आणि त्याचा जवळून फोटो काढायला लावला. चेअरमन केसांवरून हात फिरवत शेजारी उभे.

तेवढ्यात मामी आल्या. खांद्यावरचा हात काढला आणि नेहमीसारख्या एकट्या पुढे झाल्या. पुदिन्याचं पान चुरगळून नाकाशी नेलं. थांबल्या. दुसरं पान घेतलं.

"धाकटीला काय झालं?"

त्या शेपूकडे गेल्या, मिरचीकडे गेल्या. बोटं लुगड्याला पुसली, पुन्हा हुंगली. चाल बिघडली. आयुष्यात पहिल्यांदा त्या गच्चीवर मामी एका डब्याला धडकल्या आणि तिथेच हात पसरून उभ्या राहिल्या.

"अहो, सगळ्यांना एकच वास येतोय. कपाटाचा. ही आपली गच्ची नाही. मला कुठे आणलंत?"

मामा धावले, त्यांना धरलं. मग पुदिन्याचं पान नाकाला लावलं. मान वळवली. चेअरमनांकडे न जाता ते सरळ माझ्याकडे आले. माझा उजवा हात धरून वर उचलला आणि हुंगला. भिंतीला नाक लावून गळती शोधायचे, तसाच. रात्री साबणाने तीनदा धुतलेला हात होता तो. मामा कधी चुकले नव्हते.

मग तो सोडून दिला. शिवी दिली असती तर मी मिठाईसारखी खाल्ली असती.

"इश्श, आजी घाबरल्या वाटतं गर्दीला," परीक्षकबाई हसून म्हणाल्या. "पण बाग पहिल्या नंबरची आहे हं! एक पान खाऊन बघते." आणि त्यांनी पुदिन्याला हात घातला.

चेअरमन मामांच्या कानाशी पुटपुटले ते मी ऐकलं. "गप्प राहा. एका पानाने कोणी मरत नाही. बाग वाचेल."

मामांनी मामींकडे पाहिलं. मामी अजून बोटं लुगड्याला पुसत होत्या. बाग राहिली तर त्यांची, गेली तर त्यांची, हे त्या गच्चीवर मामांइतकं कोणाला कळत नव्हतं.

"खाऊ नका बाई," मामा म्हणाले. "लाकडाचं पॉलिश आहे त्यावर. टोमॅटो बांधलेले आहेत. वांग्याला लागलेले तर सोडूनच द्या."

मग टाकीमागे जाऊन त्यांनी ताडपत्री ओढली, पिंप पुढे आणलं, झाकण उघडलं. "हे आमचं आहे. हे बघा हवं तर."

बाईंनी बघितलं. अळ्यांनीही बघितलं असेल. बाई जिन्यापर्यंत पोचल्या आणि तिथे ओकल्या. चेअरमन पिचकलेल्या चेहऱ्याने पाणी आणायला धावले. हसायला हवं होतं, पण मला हसू आलं नाही. त्या सगळ्या घाणीत सर्वांत घाण हात माझे होते.

बक्षीस दुसरीकडे गेलं. एक तारखेला डबे खाली आले. पॉलिश लागलेली झाडं मामांनी मुळापाशी छाटली, खाण्यासारखं काहीच राहिलं नव्हतं. ज्यांनी वर्षानुवर्षं पालक नेला त्या सतरा घरांतून डबे उतरवायला कोणी आलं नाही. दारं मात्र जरा जरा किलकिली होत होती. मी उतरवले. सहा फेऱ्या, सत्तरीचे गुडघे. मामांच्या खोल्यांना बाल्कनी नाही, माझ्या घराला आहे, पूर्वेची, लांब, नुसत्या जुन्या पेट्यांनी भरलेली. मुकुट, तलवारी, दाढ्या. त्या पेट्या भंगारवाल्याला देऊन मी बाल्कनी धुतली आणि मामांच्या दारात जाऊन उभा राहिलो. माफीचं, आणि बाल्कनी तुमची असं सांगायचं मोठं भाषण तयार होतं. मामांनी ते दोन वाक्यांत थांबवलं आणि दार लावून घेतलं.

आठ दिवस काही नाही.

नवव्या दिवशी सकाळी सात वाजता घंटी वाजली. दारात मामा, खांद्यावर मामींचा हात. मामींच्या दुसऱ्या हातात डबा, डब्यात छाटलेल्या बुंध्यातून फुटलेली दोन पानं. मामींनी त्यांतलं एक बोटांत धरलं, हुंगलं आणि चेहरा वाकडा न करता म्हणाल्या, "कसली चिवट आहे बया. पसरू द्या हिला."

मामांच्या हातात झाकण लावलेली बादली. झाकण नीट बसलं नव्हतं. वास माझ्या बैठकीत शिरला, पडद्यांत शिरला, राजाच्या वेशातल्या माझ्या फोटोपर्यंत पोचला. मामांनी बादली माझ्या चांगल्या सतरंजीच्या मधोमध ठेवली आणि झाकण काढलं. कामगार हजर होते. माझा हात आपोआप नाकाकडे गेला.

मामांनी तो हात मनगटाशी धरला, पुन्हा एकदा हुंगला आणि सोडला.

"नाक सोडा, राजे. बाह्या वर करा आणि घाला हात आत. दोन्ही."