अकोल्याच्या यादीत वलगाव नाही

अकोल्यात, जठारपेठेतल्या ऑफिसात योगेश सकाळपासून वैतागला होता. शेतीपंपांच्या तक्रारी नोंदवायच्या सॉफ्टवेअरात दोन याद्या होत्या. पहिलीत जिल्हा निवडला की दुसरीत त्याच जिल्ह्यातली गावं दिसत. तपासणीसाठी केलेल्या खोट्या तक्रारीत त्याने सवयीने आपलंच गाव टाकलं, अमरावतीजवळचं वलगाव. मग कोडमधून जिल्हा बदलून अकोला केला, तर सॉफ्टवेअर अडूनच बसलं. अकोल्याच्या यादीत वलगाव कुठून असणार? शेवटी चिडून त्याने गावाचा रकाना रिकामा केला. मग मात्र सगळं मुकाट चाललं.

त्या रिकाम्या रकान्याकडे तो बघतच राहिला. बाप गेल्यावर भाजीचा मळा विकून त्याने आईलाही असंच उचलून इथं आणलं होतं. "आता अकोल्यातच राहायचं," एवढं सांगितलं की झालं, असं वाटलं होतं त्याला.

संध्याकाळी घरी आला, तर आई, शालूबाई, गॅलरीत बसलेली. स्वयंपाकासाठी आणलेली मेथीची गड्डी सोडून तिने सुतळीने छोट्या छोट्या जुड्या बांधल्या होत्या आणि टोपलीत नीट रचल्या होत्या.

"आई, काय करून राहिली?"

"उजाडलं ना रे! तुया बापाले हाक मार बरं. बाजाराची गाडी निघून जाईन."

योगेशने टोपली डोक्यावर घेतली, तिच्यादेखत दाराबाहेर पडला आणि तीन जिने उतरून खाली आला.

खाली आल्यावर कुठं जायचं, ते त्याला कळेना.