शालिनीमावशीची मंडळी

शालिनीमावशीच्या अंत्यविधीला काल उभं राहायला जागा नव्हती.

तिच्या आजारपणात आलेल्यांपैकी बहुतेकांना दुबईहून रास अल खैमा फार लांब पडायचं.

जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी लिहितोय. जे ओळखतात त्यांनीही वाचावं. त्यांनी तर नक्कीच.

मावशी जालन्याची. इथे एका क्लिनिकमध्ये नर्स. मी सिरॅमिकच्या फॅक्टरीत नवीन लागलो होतो, ब्लड टेस्टला गेलो होतो. फोनवर आईला म्हणालो, "देवबाप बघून घेईल गं."

'देवबाप' ऐकून मी ख्रिस्ती आहे हे मावशीनं ओळखलं. सुई हातात धरूनच विचारलं, "कुठल्या मंडळीचा रे तू? कुठलं चर्च?"

"नगरचा."

"शुक्रवारी सुट्टीला काय करतोस?"

"झोपतो."

"मग झोप झाली की ये."

गेलो. चर्च कंपाउंडमधली एक छोटी खोली तिनं मराठी उपासनेसाठी मागून मागून मिळवली होती. आत मावशी, तिचे यजमान विल्सनकाका, त्यांचा मुलगा अमित आणि एक ढोलकी. झाली उपासना.

मग ती माणसं शोधत सुटली. सुपरमार्केटमध्ये भाजीच्या लाइनीत मराठी ऐकू आलं की थेट नाव विचारायची. आडनावावरून ख्रिस्ती आहे का ते ओळखायची. काका गाडी घेऊन लेबर कॅम्पवर जायचे, ड्युटी संपलेल्या पोरांना घेऊन यायचे. उपासनेनंतर सगळ्यांना मटण-भात. कुणाची नोकरी गेली तर मावशी चार ठिकाणी फोन करायची. कुणाची बायको बाळंत झाली तर ही तिथे हजर.

खोली भरली. मग दाराबाहेर माणसं उभी राहायला लागली, ऑगस्टच्या दमट उकाड्यात, घाम पुसत मराठीत गात.

दुबईहून फॅमिलीज यायला लागल्या. शिकलेली, मोठ्या पोस्टवरची माणसं. मावशीला त्याचा केवढा आनंद.

मग अमित गेला.

युनिव्हर्सिटीतून घरी येत होता. हायवेवर मागून ट्रेलर आला. एकुलता एक.

पहिले दोन आठवडे मंडळीतले लोक आले. नंतर मेसेज आले. नंतर नुसते हात जोडलेले इमोजी.

शेजारच्या फ्लॅटमधली जुबेदाभाभी, रत्नागिरीची, ती मात्र रोज यायची. तांदळाची भाकरी आणायची आणि मावशीशेजारी गप्प बसायची. कसं झालं, असं तिनं एकदाही विचारलं नाही.

महिन्याभरानं मावशी उपासनेला आली. मागे बसली.

त्या दिवशी एक ब्रदर साक्ष द्यायला उठला. म्हणाला, त्याच रस्त्यावर त्याच्या मुलाची गाडी उलटली, पण मुलाला साधं खरचटलंही नाही. "आम्ही घरात रोज उपवास-प्रार्थना करतो. प्रभूनं त्याचं फळ दिलं."

सगळे म्हणाले, आमेन.

मावशी मागे बसलेली आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "मग माझ्या प्रार्थनेत काय कमी होतं रे?"

मी तिला हात धरून गाडीपर्यंत नेलं.

पुढच्याच आठवड्यात तिला बाजूला बोलावण्यात आलं. काका आणि मी सोबत होतो. बोलावणारा दुबईहून येणाऱ्यांपैकी, तोपर्यंत आमचा लीडर झाला होता. राहायला दुबईत, जुमेरा लेक टॉवर्सला. बोलायला अतिशय गोड.

"आंटी, यू नीड हीलिंग. थोडा ब्रेक घ्या. तुम्ही पुन्हा पुढे उभ्या राहिलात तर लोक डिस्टर्ब होतील. नवीन फॅमिलीज येतायत, वातावरण पॉझिटिव्ह हवं."

मावशी शांतपणे म्हणाली, "येशूच्या आईचाही मुलगा गेला होता. तिलाही ब्रेक घ्यायला सांगितलं असतं का तुम्ही?"

"दॅट्स डिफरंट, आंटी."

काही महिन्यांत उपासना दुबईत ऊद मेथाला हलली. इंग्लिशमध्ये. कारण सांगितलं, मुलांना मराठी कळत नाही. तिकडे प्रोजेक्टर आहे, एसी चांगला आहे, कीबोर्ड आहे. एकेक फॅमिली गेली. काही जण जाताना भेटूनही गेले नाहीत.

खोलीत उरलो आम्ही चार. मावशी, काका, मी, माझी बायको.

मावशीनं खोली सोडली नाही. दर शुक्रवारी येऊन आधी झाडून घ्यायची, मग पुढे उभी राहायची आणि पूर्ण उपासना घ्यायची. काही गाळायची नाही.

एकदा मी चिडून विचारलं, "मावशी, एवढं होऊनही तुझा विश्वास कसा टिकतो?"

"टिकतो कुठे? रोज सकाळी भांडते मी त्याच्याशी. पण बोलणं बंद केलेलं नाही."

मग कॅन्सर आला. किमोच्या आठवड्यातही ती खुर्चीत बसून प्रार्थना घ्यायची. आवाज फुटत नसे, तेव्हा काका वचन वाचायचे आणि ती नुसते ओठ हलवायची.

परवा गेली.

आणि काल सगळे आले. पांढरे शर्ट, मोठाली फुलं. लीडरनं माइक घेतला. "शालिनी आंटी वॉज द पिलर ऑफ अवर फेलोशिप."

विल्सनकाका उठले. काका कधीच चारचौघांत बोलत नाहीत. त्यांनी त्याच्या हातातून माइक घेतला.

"बसा, ब्रदर. तिच्याशी बोलायचं होतं तेव्हा तुम्ही आला नाहीत. आता तिच्याबद्दल बोलू नका."

लीडर खाली बसला. मग काकांनी मराठीत प्रार्थना केली. माझ्या पुढच्या रांगेत एका मुलानं आईला विचारलं, "मम्मा, व्हॉट इज ही सेइंग?"

आईनं मान खाली घातली.

बाहेर निघताना कितीतरी जणांनी काकांचा हात धरून सांगितलं, उद्या शुक्रवारी आम्ही येतो.

आज शुक्रवार.

त्यांच्यापैकी कुणी आलं नाही. नवीन एक मुलगी आली, लातूरची, नुकतीच मावशीच्या क्लिनिकला लागलेली. मावशीला तिनं कधी पाहिलंही नव्हतं. काकांनी पूर्ण उपासना घेतली.

मावशी, सोडून गेलेल्या प्रत्येकाचं नाव घेऊन तू शेवटपर्यंत प्रार्थना करायचीस. मी तुझ्या शेजारी बसून ऐकलंय.

मला ते जमत नाही. आज तर अजिबात जमलं नाही.

तू अमितजवळ पोचली असशील. विसावा घे.

आम्हा उरलेल्यांची तुला अश्रूंची श्रद्धांजली.