बुडालेल्या जहाजाचं तिकीट

सगुणाबाईच्या पायाला भिंगरी होती. पासली गावची ही बाई भोरला आनंदराव वकिलांकडे धुणीभांडी करी. पण हात भांड्यात आणि डोळे दारात, टपालवाल्याकडे. लढाईच्या धामधुमीत नवरा भिमा मुंबईहून मालाच्या जहाजावर कोळसा ओढायला गेला होता. पावसाळा उलटला तरी त्याची खुशाली आली नव्हती.

वकिलांना पोस्टाची तिकिटं जमवायचं वेड. पक्षकारांपेक्षा तिकिटांचीच काळजी जास्त. एकदा हौसेनं त्यांनी तिला एक तिकीट दाखवलं. खडकावर आपटून दुभंगलेलं जहाज.

"ह्ये कशापायी काढलं?"

"बुडालेल्या जहाजाची आठवण म्हणून. सरकार काढतं."

झालं! बाईनं मनाशी खूणगाठ बांधली. जहाज बुडालं की तिकीट निघतं. तिकीट नाही, म्हणजे भिमाचं जहाज तरंगतंय. वकिलांकडे नवं पाकीट आलं की ओले हात पदराला पुसत ही पुढे.

"ह्यात बुडाल्यालं हाय का?"

"नाही गं, ह्यात राजाचं तोंड आहे."

मग कुठे ती भांड्यांकडे वळे. ती का विचारते, हे विचारायचं वकील असूनही त्यांना सुचलं नाही.

दिवाळीनंतर सासू धोंडाबाई आली. ओसरीवर टेकलीसुद्धा नाही.

"गोदीतनं आल्याली मानसं सांगत्यात, भिमाचं जहाज बुडालं. चल गावाला. बांगड्या उतरायच्या, दिवस घालायचे. लोकं तोंडात शेण घालत्यात."

"तिकीट कुठाय?"

"कसलं तिकीट, सटवे?"

"बुडालं असतं तर सरकारनं काढलं असतं. इचारा वकीलसायबांस्नी."

वकिलांचा चेहरा उतरला. "सगुणा, तिकिटं नावाजलेल्या जहाजांची निघतात. तीही कितीतरी वर्षांनी. लढाईत तर रोज बुडतात, त्यांची कोण काढणार?"

"म्हंजे ह्यांचं बुडालं तरी निघायचं न्हाई?"

"नाही."

"आन् म्या येड्यावानी पाकिटं बघत बसले!"

धोंडाबाईनं तिचं मनगट धरलं. सगुणानं हिसडा दिला.

"हात लावू नका, आत्याबाई. बुडताना डोळ्यानं कुनी बगितलं? जहाज ज्या कंपनीचं, तिला ठावं असंल. मी मुंबईला जाते."

"बाईमानूस, एकली?"

"तुमी चला की. ल्योक तुमचाच हाय."

धोंडाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. दोघी मोटारीच्या अड्ड्यावर गेल्या. पुण्याची मोटार सुटायला अवकाश होता. सासू बसली, सगुणा येरझारा घालत राहिली. शेवटी म्हणाली, "उठा. चालतच नसरापूरच्या वाटंला लागू. मोटार मागनं गाठंल तवा गाठंल."