पळसाखाली एक डोळा मिटून

शालूताईंच्या दोन डोळ्यांत सध्या दोन वेगळी जगं नांदत होती. उजव्याचा मोतीबिंदू जानेवारीत काढला होता, डाव्याचा येत्या मंगळवारी काढायचा होता. आणि डाव्या डोळ्याला कुणाला हात लावू द्यायचा नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. कर्वेनगरात तीस वर्षं कॉलेजच्या पोरांना पोळीभाजीचे डबे दिलेली ही बाई. आपलं स्वयंपाकघर लख्ख आहे, अशी तिची समजूत. नवा डोळा उघडला आणि ओट्यामागच्या फरशीवरचा तेलकट थर दिसला. मग आरसा दिसला. तेव्हापासून उजवा डोळा त्या जपूनच वापरत, ठेवणीतल्या लुगड्यासारखा. डाव्याला सगळं हळदीच्या दुधातून पाहिल्यासारखं दिसे. भिंती नव्या, माणसं तरुण. काय वाईट होतं?

"काकू, मंगळवारचं लक्षात आहे ना?" गाडी चालवता चालवता पुतणी तनुजाने विचारलं. होळी नुकतीच झाली होती. पळस फुललाय म्हणून ती काका-काकूंना खडकवासल्याच्या पुढे एका शेतावर घेऊन निघाली होती.

"बघू," शालूताई म्हणाल्या.

"गेला महिनाभर बघूच चाललंय," मागच्या सीटवरून त्यांचे यजमान संपतराव बोलले.

शेताचे मालक हिंमतराव फाटकातच उभे होते. "या, या. आधी सावलीला टेका. चा हाय, ताक बी हाय. बैलगाडीत बसायचं आसंल तर आत्ताच सांगा, बाराला बैल झोपत्यात."

"दुपारची झोप? मूळचे पुण्याचे दिसतात," संपतराव म्हणाले.

ताक पिऊन सगळे हिंमतरावांबरोबर गोठ्यामागच्या माळावर गेले. पळसांवर पान म्हणून नव्हतं, नुसती फुलंच. शालूताईंनी हळूच उजवा डोळा मिटला. माळ विरघळला. राखेखाली निखारे फुलत जावेत तसा सगळा उतार आतून तापत, हलत होता. कुठूनतरी करवंदीच्या फुलांचा वास आला, गाईच्या गळ्यातली घंटा एकदा वाजली आणि राहिली. आपण चालतोय की कुणी आपल्याला पाळण्यात घालून हळूहळू झोका देतंय, त्यांना कळेना.

मग त्यांनी डावा मिटला. तर एकेक फूल सुटं झालं. पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं, देठाशी काळं मखमली. त्यावर मुंगी. मुंगीचे पायसुद्धा!

पुन्हा उजवा मिटला. पुन्हा डावा. निखारे, मुंगी. निखारे, मुंगी.

"अगं," संपतराव हलकेच म्हणाले, "पोरगी बघतेय. घरी मार काय डोळे मारायचेत ते."

"तुम्हाला कोण मारतंय? मी पळसाला मारतेय."

"पळसाचं नशीब," म्हणून ते खाली बसले. रंगपंचमीच्या रंगासाठी गळलेली फुलं न्यायची होती आणि पिशवी गाडीत राहिली होती. त्यांनी डोक्यावरची लोकरीची टोपी काढली आणि तिच्यात फुलं भरू लागले. दिवाळीपासून ही टोपी डोक्याला चिकटलेली; थंडी वाजते म्हणत, झोपतानासुद्धा काढत नसत.

शालूताईंचा उजवा डोळा तेव्हा नेमका उघडा होता. टकलावर, कानाच्या वर, एक लांब खूण होती. आडवे चार टाके घातल्याची.

"अहो, हे काय?"

संपतरावांचा हात टोपीकडे गेला, पण टोपी फुलांनी भरलेली. "काही नाही. दिवाळीच्या आधी मोरीत घसरलो. चार टाके पडले. तासाभरात परत आलो होतो."

"आणि मी कुठे होते?"

"घरीच. मटार सोलत होतीस. आलो तो तुझ्यासमोरच बसलो, तुला दिसलं नाही. म्हटलं, कशाला उगीच घाबरवा."

शालूताई त्यांच्या शेजारी मातीत बसल्या. त्या खुणेवरून त्यांनी बोट फिरवलं, पोळीचा काठ चाचपावा तसं. मग उजवा डोळा मिटून डाव्याने पाहिलं. डोकं गुळगुळीत, सोनेरी, छान. टाके नव्हतेच. मोरी नव्हती, पडणं नव्हतं. वर सगळा पळस धुक्यासारखा पेटलेला, आणि त्याच्याखाली कधीच काही न झालेला नवरा. किती गोड होतं ते, आणि किती खोटं. एक फूल वरून टपकलं, त्यांच्या मांडीवर पडलं. त्यांनी ते उचलून टोपीत टाकलं.

"तनुजा," शेवटी त्या म्हणाल्या, "मंगळवारी किती वाजता?"

"नऊ वाजता, काकू."

"बरं. आणि तुम्ही हो, घरी गेल्यावर सदरा काढून उजेडात उभे राहा. आणखी कुठे कुठे शिवून घेतलंय ते बघू दे मला."

हिंमतराव तोंड फिरवून बैलांकडे निघाले. संपतराव मात्र फार मन लावून फुलं वेचू लागले.