खाजरा सुरण

शिरगावची यमुआत्या गेल्याचा फोन आला, तेव्हा मी सरावलीच्या आमच्या गच्चीवर गोणीतला सुरण उकरत होतो. तिच्यासाठीच लावला होता. प्रेमाने नव्हे... सुडाने. मुद्दाम खाजरा, जंगली गड्डा शोधून आणला होता आणि दोन वर्षं पोटच्या पोरासारखा जपला होता. तो तयार झाला आणि आत्या निसटली.

सुरुवात माझीच. तिच्या मुलीच्या साखरपुड्याला आत्याने सुरणाचे काप केले होते. चिंचेच्या पाण्यात उकडून, तांदळाच्या पिठात घोळवून, तव्यावर खरपूस. सोबत नारळाच्या दाट दुधातली, आमसुलाने गुलाबी झालेली चटणी. चारचौघांत विनोद करायची मला भारी हौस. व्याह्यांसमोर खोटंच खाकरून म्हणालो, "आत्या, घसा खाजतोय हां." व्याह्यांनी बशा हळूच खाली ठेवल्या. परातभर काप तसेच परत स्वयंपाकघरात गेले. हसलो मी एकटाच.

पुढच्या खेपेला आत्याने मला एकट्याला काप वाढले. दुसऱ्याच घासाला जीभ जाड झाली, घशात कुसळं उभी राहिली. आमसुलाच्या चटणीने खाज उतरते, पण वाटी तिच्या मांडीवर.

"काय रं दिनू, खाजतंय?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"त्या दिवशी नाय खाजलं तरी बोललास. आज खाजतंय, तर गप? चुकलो म्हण, वाटी देते."

नाही म्हटलं. सुजलेले ओठ हेल्मेटात लपवून स्कूटरने घरी आलो. बायको पोट धरून हसली आणि माझा सूड पक्का झाला. सुरण तयार होईपर्यंत शिरगावला पाऊल ठेवायचं नाही, असा पण केला. तेवढा मात्र पाळला...

दिवसकार्य झाल्यावर तिच्या सुनेने ती वाटी माझ्या हातात दिली. "आई बोलल्या व्हत्या, मागायला आला तरच दे. तुमी आलातच नाय, भावजी."

परवा तो सुरण चिंचेशिवाय तळला आणि खाल्ला. खाजला, अगदी मनासारखा. बायकोने त्याच वाटीत चटणी भरून पुढे सरकवली. मी हात मागे घेतला. आधी, "चुकलो, आत्या," म्हटलं, जाड जिभेने, दोनदा. मग वाटी तोंडाला लावली.

खाज उतरली नाही. आत्याने अजून वाटी मांडीवरून सोडलेली नाही, असं मी धरून चाललो आहे.