कशावरूनसाहेब आणि उलटा वॉल्व्ह

कशावरूनसाहेब खुर्चीवर कधी सरळ बसले नाहीत. आधी तिची पाठ धरून हलवायची, मग बैठक हाताने दाबायची, मग अर्धवट टेकून अंदाज घ्यायचा आणि मग कुठे बसायचं. आमच्या रेवदंड्याच्या वर्कशॉपात खुर्ची एकच, आणि तिच्यावर रोज मी बसायचो. त्यामुळे मला तो माझाच अपमान वाटायचा. एकदा मी न राहवून म्हटलं, "साहेब, मजबूत आहे हो ती." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कशावरून?"

त्या दिवसापासून धाकूने त्यांचं हे नाव ठेवलं. धाकू आमच्या लाँचचा इंजिन ड्रायव्हर, मी मिस्त्री, आणि हे सरकारचे तपासनीस. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. तेव्हा खाडीतून माणसं ने-आण करायला आमच्या शेठची लाँच होती. तिच्या इंजिनात काही दुरुस्ती केली, की साहेबांनी अलिबागहून येऊन ती पाहायची आणि त्यांनी सही केल्याशिवाय उतारू चढवायचे नाहीत, असा कायदा होता. कायदा सगळीकडेच होता म्हणा. पण बाकीच्या बंदरांवरचे तपासनीस चहा पिऊन सही करत. आमच्या नशिबी हे!

तुटलं ते तसंच्या तसं बसवलं, तर ते पाच मिनिटांत सही करत. पण वस्तू बदलली की संपलंच. आधी काय होतं, आता काय आहे, का बदललं, आणि कोणाकोणाला सांगितलं, हे सगळं नोंदवहीत लिहायचं. एकदा मी दिव्याचा हुक चार बोटं डावीकडे सरकवला, तर त्याचं दीड पान झालं. मी वैतागून म्हटलं, "साहेब, दिवा तोच, हुक तोच, लाँच तीच!" ते शांतपणे म्हणाले, "डोकं कोणाचं आपटेल?" संध्याकाळी धाकूचंच आपटलं. त्याचंही अर्धं पान झालं.

जेवायला ते बंदरावरच्या काशीबाईंच्या खानावळीत जात. पहिल्याच दिवशी काशीबाई म्हणाल्या, "सायेब, बोंबील ताजं हायत." साहेबांनी सवयीने विचारलं, "कशावरून?" काशीबाई आत गेल्या, टोपलीतला ओला बोंबील शेपटीला धरून आणला आणि त्यांच्या नाकासमोर धरला. "घ्या, इचारा त्यालाच!" बंदरावर आठ दिवस दुसरा विषय नव्हता. साहेब मात्र गंभीरपणे बोंबलाचे कल्ले पाहून म्हणाले, "ताजे आहेत," आणि जेवायला बसले. पुढे काशीबाई त्यांना मासा दाखवूनच तळायला टाकत.

आता मुख्य गोष्ट सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमीचं लग्न ठरलं. वडील नव्हते, त्यामुळे सगळा भार माझ्यावर. नवरदेवाचं गाव खाडीत आत, रोह्याच्या वाटेवर, आणि लग्न त्यांच्या दारी. वऱ्हाड आपल्या लाँचमधून न्यायचं, असं शेठनी आपण होऊन सांगितलं. माझी छाती फुगली. लाँचला समुद्राचं पाणी इंजिनात घेणारा एक वॉल्व्ह होता. त्याची गोल मूठ फिरवली की पाणी चालू किंवा बंद. तो जरा ठिबकत होता. बहिणीच्या लग्नाला ठिबकणारी लाँच? छे! मी मुंबईच्या जुन्या बाजारातून मोडीत निघालेल्या बोटीचा पितळी वॉल्व्ह आणला, घासूनपुसून लखलखीत केला आणि लग्नाच्या दोन दिवस आधी बसवला. फरक एवढाच की जुना उजवीकडे फिरवला की बंद व्हायचा, हा डावीकडे. धाकूला तसं सांगितलं. त्याने मान डोलावली. नोंदवहीत लिहिलं. आणखी काय करायचं असतं माणसाने?

लग्नाच्या दिवशी सकाळी धक्क्यावर वऱ्हाड जमलं. रुखवताच्या टोपल्या, पिशव्या, रडकी पोरं, मुंडावळ्या बांधलेली सुमी. भरती लागायच्या बेतात होती. साहेब आले, नोंदवही वाचली आणि म्हणाले, "धाकूभाऊंना सांगितलंत. त्यांच्या हाताला सांगितलंत का?"

मी कपाळाला हात लावला. "साहेब, आज तरी नको हो!"

ते इंजिनाच्या खोलीत उतरले. वॉल्व्ह बंद ठेवून त्यांनी मला पाण्यातला कचरा अडवणाऱ्या जाळीचं झाकण काढायला लावलं. मग स्वतःच वॉल्व्ह थोडा उघडला. उघड्या जाळीतून पाणी आत यायला लागलं. वर धाकू माझ्या मामांशी गप्पा मारत होता. साहेब एकदम ओरडले, "धाकूभाऊ, पाइप फुटला! बंद करा!"

धाकू उडी मारून खाली आला, मूठ धरली आणि सगळी ताकद लावून फिरवली. उजवीकडे. पाण्याचा लोटच आला. "बंद क्येला सायेब!" धाकू ओरडला. पाणी त्याच्या घोट्यावर चढलं. "बंद हाय ना! मंग ह्ये पानी येतंय कुठून?" वर मामा ओरडायला लागले, लाँच बुडाली म्हणून बायका रडायला लागल्या. मला असा राग आला म्हणून सांगू! "हो बाजूला, अक्कलशून्य!" म्हणून मी धाकूला ढकललं आणि मूठ धरली. वॉल्व्ह मी आणलेला, मी घासलेला, मी बसवलेला. आणि मी तो दात-ओठ खाऊन पिळला. उजवीकडे!

शेवटी साहेबांनी विजारीचे पाय वर केले, मला हळूच बाजूला केलं आणि मूठ डावीकडे फिरवली. पाणी थांबलं. बुटांतून पाणी ओतत ते एवढंच म्हणाले, "हात शिकायला आठ दिवस लागतील. तोवर उतारू नाहीत."

जुना वॉल्व्ह परत बसवायचा, तर ओहोटीला लाँच वाळूवर टेकवायला हवी, म्हणजे दिवस गेला. मी हातापाया पडलो, भांडलो, नको नको ते बोललो. सुमी टोपलीवर बसून मुसमुसत होती. साहेब हलले नाहीत. शेवटी धाकूने आपल्या चुलत्याचा शिडाचा मचवा आणला. साहेब त्याच्याही भोवती फिरले. "यात अलीकडे काय बदललं?" चुलता म्हणाला, "काय बी न्हाय. आज्याच्या येळंपासून ह्यो असाच हाय." साहेब म्हणाले, "मग चला," आणि कोणी न बोलावता आमच्याबरोबर मचव्यात बसले. रुखवताचे लाडू मांडीवर घेऊन.

वारा पडला, अर्ध्या वाटेत भरती सरली. दुपारचा मुहूर्त टळला. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. सुमीचे सासरे मांडवाच्या दारात उभे होते. "आमची पंगत ताटकळत ठेवलीत? मुलगी आल्या पावली परत न्या!" सुमीचा चेहरा मला पाहवेना.

तेवढ्यात ओल्या बुटांचा पचपच आवाज करत साहेब पुढे झाले. हात जोडले. "उशीर माझ्यामुळे झाला. चूक माझी. या लोकांचा काही दोष नाही."

"तुम्ही कोण?" सासरे गरजले.

साहेबांनी सांगायला सुरुवात केली. वॉल्व्ह म्हणजे काय, तो कशासाठी असतो, उजवा कसा, डावा कसा. सासऱ्यांनी शिव्या दिल्या, त्या साहेबांनी ऐकून घेतल्या आणि जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू केलं. गुरुजी म्हणाले, गोरज मुहूर्त अजून हाताशी आहे. साहेब जाळीच्या झाकणापर्यंत आले होते. सासऱ्यांनी डोकं धरलं. "अहो, लावा एकदाचं लग्न, पण ह्यांना गप्प करा!"

सनई सुरू झाली. अक्षता टाकताना मी साहेबांच्या कानाशी लागलो. "साहेब, तुम्ही खोटं बोललात. वॉल्व्ह मी बदलला होता." ते म्हणाले, "नोंदवहीत खरं तेच लिहिलंय. तुमचं नाव घालून." मग अक्षता टाकून झाल्यावर म्हणाले, "मांडवात कुठे नोंदवही होती?"

नंतर चार वर्षांनी त्यांची बदली झाली. निरोपाला धक्क्यावर सगळे जमले. मला आभार मानायचे होते, पण तोंडातून निघालं, "आता तरी आमचा पिच्छा सुटेल!" ते हसले. हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

पुढे ते वारल्याची बातमी आली ती शेठकडे आलेल्या पत्रातून. सुमी तेव्हा माहेरपणाला आली होती. मी तिला सांगितलं. तिने कडेवरचं मूल खाली ठेवलं, विहिरीवर गेली आणि डोक्यावरून घागर ओतून घेतली. मी म्हटलं, "अगं, आपलं ना नातं ना गोतं. आंघोळ कशाला?"

ओल्या केसांनी ती माझ्यावर चिडली. "दादा, माझ्या मांडवात उभं राहून ज्यानं तुझ्या वाटणीच्या शिव्या खाल्ल्या, तो माझ्या माहेरचा नाही तर कुणाचा?"

मी दोरीवरचा पंचा घेतला आणि विहिरीवर गेलो.