समासातला शेरा

तो निनावी अर्ज आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. तेव्हा मी सोलापुरात भवानी पेठ भागातल्या ठाण्याचा निरीक्षक होतो. पेठेतली एक बाई निराधार पेन्शनच्या नावाखाली म्हाताऱ्यांना लुबाडते, असा आरोप त्या अर्जात होता. डावीकडच्या कोऱ्या समासात मी ‘चौकशी करावी’ असा शेरा मारला आणि बाईला बोलावले.

ती पन्नाशीची होती, यंत्रमागावर राबलेली, घरी तेलुगू बोलणारी. सगळी पेठ तिला अक्का म्हणे. ती आत येताच माझा हवालदार उठला आणि त्याने हसून खुर्ची पुढे केली. त्याच्या आईची पेन्शन तिनेच मिळवून दिली होती. हवालदार माझ्यासाठीही उठायचा, पण तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हे हसू नसायचे. ते मला खुपले.

मी तिची कागदांची पिशवी पंचनामा न करताच ठेवून घेतली.

अक्का म्हणाली, “सायेब, उद्या अकराला तहसीलला एका आजीची सुनावणी हाय. मुलगा सांभाळतो म्हणून तिची पेन्शन बंद केली. तो सहा वर्सं फिरकलेला न्हाय. शेजाऱ्यांची पत्रं त्या पिशवीत हायत.”

“चौकशी संपल्यावर मिळेल,” मी म्हणालो.

दुपारभर सात बायकांचे जबाब घेतले. तिने किती पैसे घेतले, हा एकच प्रश्न प्रत्येकीला होता.

एक म्हणाली, “पैसं? च्या बी घेत न्हाय की! उलट मलाच रागावती, अंगठा पुरे, सही शिक म्हणती.”

शेवटची होती ती सुनावणीवाली आजी. तिने मलाच विचारले, “माज्या कागदांची पिशवी कुटं हाय?”

ती गेल्यावर अर्ज पुन्हा काढला. आता समास नजरेत भरला. कागदाला उभी घडी घालून चौथा हिस्सा कोरा सोडला होता. रागाने लिहिणारा माणूस कागद काठोकाठ भरतो. साहेबाच्या शेऱ्यासाठी जागा सोडतो तो फक्त जन्मभर अर्ज लिहिणारा.

दुसऱ्या दिवशी दहाला तहसीलच्या फाटकाशी गेलो. तिथे हाताने अर्ज लिहिणारा एकच म्हातारा उरला होता. बाकीच्यांनी कॉम्प्युटर घेतले होते. मी कोरा कागद पुढे केला.

“काका, एक तक्रार लिहायचीय.”

त्याने आधी उभी घडी घातली. मी निनावी अर्ज शेजारी ठेवला. त्याने दोन्ही घड्या पाहिल्या आणि पेन खाली ठेवले.

“बायका माझ्यापुढं चप्पल काढून बसायच्या,” तो म्हणाला. “आता माझ्या टेबलासमोरून सरळ तिच्याकडं जातात. ती त्यांना अपिलाचा नियम सांगते. नियम मलाही पाठ होते, साहेब.”

“मग सांगितले का नाहीत?”

त्याने कोरा कागद माझ्याकडे परत सरकवला. खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्यावर पुढे रीतसर कारवाई झाली.

पिशवी जीपमध्येच होती. पावणेअकराला मी ती अक्काच्या हातात दिली आणि बाहेर बाकावर बसलो. आतून तिचा आवाज येत होता. तो चढत नव्हता आणि थांबतही नव्हता. तासाभराने आजी पेन्शन पुन्हा सुरू करण्याचा आदेश घेऊन बाहेर आली.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मत्सराचे गुन्हे मी अनेक पाहिले. या प्रकरणात मत्सरी माणसे दोन होती आणि पिशवी अडवली ती दुसऱ्याने. पहिल्याने समास सोडला. तो भरला मी.

आजीने मला बाकावर पाहिले आणि ती थांबली.

“तुमचं काय अडकलंय, सायेब? अक्काला सांगा की.”